सहा पिल्लं होल्डवर

निरोप समारंभात माणूस काय बोलून जाईल याचा नेम नसतो. गळ्यात हार, हातात शाल-नारळ, माइक खरखरतोय आणि बत्तीस वर्षांत ज्यांनी कधी धड नमस्कार घेतला नाही ते मॅनेजरसाहेब 'आमचे भीमराव, आमचे भीमराव' करतायत. अशा वेळी कुणी म्हणतो आता फिरायला जाईन, कुणी म्हणतो नातवंडांत रमेन. आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपनीत येणाऱ्या मालाची तपासणी करण्यात हयात घालवलेले भीमराव जाधव म्हणाले, "आता निवांत चार कोंबड्या पाळीन म्हणतो." टाळ्या पडल्या. विषय तिथेच मिटायला हवा होता.

पण मागे कॅन्टीनवाला मुकेश उभा होता आणि मुकेश हा भाषणं खरी मानणारा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चिखलोलीला, भीमरावांच्या चौथ्या मजल्यावरच्या दारात, बुटांचा खोका घेऊन हजर.

"जयभीम साहेब. तुम्ही चार म्हणालात, मी सहा आणली. एखाददुसरं जातंच."

खोक्यात एका दिवसाची सहा पिल्लं. द्रौपदीबाईंनी आत डोकावून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोन्हींकडे बघताना त्यांचा चेहरा सारखाच होता.

"पाळा ना," त्या म्हणाल्या. "फक्त कुठे ते सांगा. बेडरूममध्ये की माझ्या डोक्यावर?"

भीमरावांना ते 'एखाददुसरं जातंच' भारी झोंबलं. हेच वाक्य बत्तीस वर्षं प्रत्येक सप्लायरने त्यांना ऐकवलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांनी अख्खा लॉट परत धाडला होता. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की सहापैकी सहा जगतील, एकही रिजेक्शन होणार नाही.

हे झालं जाहीर कारण. खरं कारण पुढच्या चार-आठ दिवसांत उघडं पडलं. पाचला जाग यायची, आंघोळ व्हायची, इस्त्रीची पॅंट चढायची आणि मग आठवायचं की कंपनीची बस आता आपल्यासाठी थांबत नाही. मुलगा पुण्याला. हॉलमध्ये बसावं तर द्रौपदीबाई झाडू घेऊन "पाय वर घ्या" म्हणायच्या. दिवसभरात कुणाला त्यांची सही लागत नव्हती. पिल्लांचं मात्र तसं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून भीमरावांनी "या, या, या" म्हटलं की सहाच्या सहा धावत यायची. कंपनीत त्यांच्या आवाजाने लोक धावायचे, पण उलट्या दिशेने.

पहिली अडचण उबेची. मुकेशने सांगितलं होतं, खोक्यावर बल्ब टांगा. भीमरावांनी घरातला बल्ब टांगला. उजेड असा की पिल्लांना पेपर वाचता आला असता, पण ऊब शून्य, कारण तो एलईडी. बदलापुरात सात दुकानं पालथी घातली. जुना पिवळा, तापणारा बल्ब म्हटल्यावर पोरं त्यांच्याकडे अशी बघायची की जणू त्यांनी कंदिलाची काच मागितली. एकाने तर समजूत घातली, "काका, त्याने बिल वाढतं, कशाला घेता?" शेवटी उल्हासनगरला, कॅम्प एकच्या गल्लीत, एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने माळ्यावरून धुळीने माखलेला खोका काढला. फुंकर मारून म्हणाला, "साईं, ले जाओ. लेकिन वापस नहीं होगा." एवढा वेळ पिल्लं द्रौपदीबाईंच्या जुन्या साडीत, त्यांच्याच मांडीवर होती. पण हे त्यांनी कुणाला सांगायचं नाही असं बजावून ठेवलं होतं, म्हणून आपणही इथे सोडून देऊ.

पिल्लांना नावं ठेवायची नाहीत असं ठरलं. जीव अडकतो. म्हणून भीमरावांनी नंबर दिले, एक ते सहा. सहा नंबर सगळ्यात बारीक, डाव्या पायाने जरा फेंगडं. ते नेहमी शेवटी पोचायचं आणि पोचलं की भीमरावांच्या पायावर चढून बसायचं. जीव अडकायला नावच लागतं असं काही नाही.

सहाव्या आठवड्यात चार नंबर गॅलरीच्या ग्रिलमधून शेजारच्या मनालीताईंच्या वाळत घातलेल्या ड्रेसवर उतरलं आणि त्यावर आपली सही करून परत आलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. सेक्रेटरी अनीश वयाने लहान, पण नियमांनी म्हातारा. त्याने पाळीव प्राण्यांच्या नोंदणीचा फॉर्म आणून दिला. एका प्राण्याला एक फॉर्म.

भीमरावांना फॉर्म बघून उलट बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी भरायला काहीतरी मिळालं होतं. त्यांनी सहा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरले. 'प्राणी पट्ट्याने बांधून फिरवला जातो काय?' नाही. 'अनोळखी व्यक्तीवर भुंकतो काय?' अद्याप नाही. 'नर / मादी' यापुढे त्यांनी लिहिलं, 'तपासणी बाकी'. प्रत्येकाचा पासपोर्ट साइज फोटो काढला, आणि घोडं तिथेच अडलं. कमिटीचं म्हणणं पडलं की हा एकाच पिल्लाचा फोटो सहा वेळा लावलेला आहे.

"खोटं?" भीमराव उठून उभेच राहिले. "मी? बत्तीस वर्षांत माझ्या रिपोर्टवर कुणी बोट ठेवलं नाही!"

"काका, तसं नाही हो," अनीश म्हणाला. "पण कोंबडी आमच्या यादीतच नाही. रविवारपर्यंत हलवा. नाहीतर स्टेशन रोडला माझ्या ओळखीचा चिकनवाला आहे, त्याला सांगू का? तो येऊन घेऊन जाईल."

हे तो मदत म्हणून बोलला. पण भीमरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सोसायटीच्या भिंतीपलीकडे चिमीताईंचं कौलारू घर. बिल्डिंगा उभ्या राहिल्या ती जमीन त्यांच्याच घराण्याची. बिल्डरने सगळं घेतलं, हे घर आणि अंगण तेवढं राहिलं. अंगणात अकरा कोंबड्या. चिमीताई साठीच्या पुढच्या, आगरी, बोलणं असं की आधी घाबरायला व्हावं आणि मग चहा मिळावा. द्रौपदीबाई त्यांच्याकडून अंडी आणायच्या, त्या ओळखीवर भीमराव गेले.

"ठेव," चिमीताई म्हणाल्या. "पन माज्या कोंबऱ्या नव्याला घेत नाय. ती काली बगलीस? ती मोठी. तिनं मारली तं मना सांगाला येऊ नको."

काळी म्हणजे काळीकुट्ट, मानेवर सोनेरी झाक असलेली जाडजूड कोंबडी. तिने भीमरावांना एका डोळ्याने वरपासून खालपर्यंत बघितलं. असं बघणारे दोन जनरल मॅनेजर त्यांनी पाहिले होते. दोघांनीही त्यांची बढती अडवली होती.

चिमीताईंची पद्धत साधी. अंगणाच्या मध्यात बांबूचं मोठं डालगं उपडं घालायचं, पिल्लं त्याच्या आत. मोठ्या कोंबड्या बाहेर फिरतील, फटीतून बघतील, वास घेतील, आठ दिवसांत कंटाळतील. "आठ दिस," त्या म्हणाल्या. "मंग सोर." भीमरावांनी वही आणली. रोज सकाळी सात वाजता कंपनीचे सेफ्टी शूज घालून ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर हजर. 'मंगळवार. काळी डालग्याभोवती तीन फेऱ्या. हेतू अस्पष्ट.' असं बरंच काही त्या वहीत आहे.

आठवा दिवस शुक्रवारी येत होता. आणि गुरुवारी चिमीताईंच्या घरासमोर टेम्पो उभा. पुतण्याची हळद. आगरी हळद म्हणजे घरात मांजरसुद्धा मागे राहत नाही. टेम्पोत आधीच गाणी सुरू झालेली, चिमीताई हिरवा शालू नेसून वर चढल्या आणि तिथूनच ओरडल्या, "भाऊ, सोमवारी सकाली येतंय! कोंबऱ्या तुज्यावर! पानी बदल! कालीवर नजर ठेव!" टेम्पो गेला, आणि सहाची चिंता करणाऱ्या भीमरावांवर सतरांचा भार आला. त्या रात्री त्यांनी तीनदा उठून खिडकीतून भिंतीपलीकडे पाहिलं. काही दिसत नव्हतं, तरी पाहिलं.

आता खरी चूक. ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती, त्याला कंपनीत बत्तीस वर्षं काढावी लागतात. भीमरावांच्या कंपनीत नियम होता: नवा माल जुन्या स्टॉकमध्ये मिसळायचा तर पास होईपर्यंत त्यावर लाल पट्टी पाहिजे. लाल म्हणजे होल्ड. पास झाला की पट्टी काढायची. पट्टीशिवाय माल आत गेला तर इन्स्पेक्टरची नोकरी गेली समजा. शुक्रवारी सकाळी त्यांनी घरातली लाल इन्सुलेशन टेप आणली आणि सहाही पिल्लांच्या दोन्ही पायांना नीट, सुरकुती न पडता, पट्ट्या लावल्या. मग डालगं उचललं.

अर्धं मिनिट शांतता. पिल्लं बाहेर आली, लाल मोजे घातल्यासारखी. काळीने मान तिरकी केली आणि पुढच्या क्षणी अकराच्या अकरा कोंबड्या त्यांच्या पायांवर तुटून पडल्या. चोची, पिसं, धूळ, किंचाळ्या! भीमराव "ए! ए! बाजूला व्हा!" करत मध्ये घुसले, पाण्याच्या घमेल्यात घोट्यापर्यंत गेले, आणि पाच पिल्लं कशीबशी डालग्याखाली ढकलली. सहा नंबरला पळता आलं नव्हतं. त्याच्या फेंगड्या पायातून रक्त येत होतं.

त्याला तिथे ठेवायची छाती झाली नाही. भाजीच्या पिशवीत घालून ते सोसायटीत शिरले. बंदी मोडून, बत्तीस वर्षांच्या सचोटीवर पाणी सोडून. आणि लिफ्टमध्ये अनीश.

दुसऱ्या मजल्याला पिशवी चिवचिवली.

"काका, फोन वाजतोय तुमचा."

"मेसेज असेल."

पिशवी परत चिवचिवली. आणि मग थांबेचना.

"घ्या ना काका, कधीचा वाजतोय."

भीमरावांचे कान तापले. त्यांनी पिशवीत तोंड घातलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो." पिशवी गप्प झाली. अनीश चौथा मजला येईपर्यंत छताकडे बघत राहिला.

द्रौपदीबाईंनी पायाला हळद-तेल लावलं. भीमराव शेजारी बसून होते. "एखाददुसरं जातंच, असं म्हणाला होता मुकेश," ते हळूच म्हणाले. "मी काही करू शकत नाही का गं आता?" द्रौपदीबाईंनी वर पाहिलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण हा प्रश्न त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

"चहा घ्या आधी," त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

शनिवारी सल्ल्यांचा दिवस. मुकेशने फोनवर सांगितलं, कोबीचा गड्डा टांगा, कोंबड्यांचं लक्ष तिकडे जातं. वॉचमन म्हणाला, पिल्लांवर पावडर टाका, वास सारखा होतो. मनालीताई गॅलरीतून म्हणाल्या, "काका, त्यांना थोडं म्युझिक लावून बघा, आमच्या टॉमीला लावतो." भीमरावांनी कोबी टांगला, पावडर टाकली आणि म्युझिकसुद्धा लावलं, खोटं कशाला बोला. आदल्या दिवशी निघून आलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या, डबल पट्ट्या लावल्या, कारण पहिल्या नीट चिकटल्या नव्हत्या असा निष्कर्ष वहीत नोंदला होता. डालगं उचललं. कोंबड्यांनी कोबीकडे ढुंकून पाहिलं नाही. पावडरीचा सुगंध घेत त्या परत पायांवर धावल्या. दोन नंबरच्या शेपटीची पिसं गेली. भीमराव घामाघूम होऊन स्टुलावर बसले आणि त्यांनी वहीत फक्त एवढंच लिहिलं: 'मला जमत नाही.'

रविवारी हातात शेवटचा दिवस होता. सोमवारी चिमीताई येणार आणि त्यांच्या अंगणातला हा धिंगाणा बघणार. त्या काय म्हणतील ते भीमरावांना पाठ होतं: नाय जमत तं ने परत. परत कुठे? घरी बंदी, मुकेशकडे कॅन्टीन, आणि अनीशचा तो ओळखीचा चिकनवाला. विचार तिथपर्यंत गेला की ते वही उघडून पहिल्या पानापासून परत वाचायला लागायचे.

सेफ्टी शूज घमेल्यात भिजल्यापासून वाळले नव्हते, म्हणून जुनी चप्पल काढली. तिचा अंगठा तुटलेला. हाताशी टेप होतीच. चार वेढे दिले आणि निघाले. आज द्रौपदीबाईही सोबत आल्या, सहा नंबरला पदराखाली घेऊन. "एकट्याने तुम्ही दम लावून घ्याल," एवढंच म्हणाल्या.

अंगणात पाऊल टाकलं मात्र, काळी सरळ चालत भीमरावांकडे आली. थांबली. आणि फाडकन त्यांच्या पायावर चोच मारली. मग दुसरी आली. मग पाच-सहा जणी. भीमराव एका पायावर नाचायला लागले.

"बघितलंस?" ते ओरडले. "मलाही! माझ्यावरही राग! मी काय केलंय हिचं? पाणी बदलतो, दाणे घालतो, रोज सातला येतो! इथेही माझी किंमत नाही!"

द्रौपदीबाई हसल्या नाहीत. त्या वाकून बघत होत्या. कोंबड्या भीमरावांच्या डाव्या पायाला शिवत नव्हत्या. उजव्यालाही नव्हत्या. फक्त चपलेच्या अंगठ्याला.

"अहो, जरा ती चप्पल काढा."

"आता अनवाणी करतेस?"

"काढा म्हणते ना!"

भीमरावांनी चप्पल काढली. कोंबड्या चपलेवर तुटून पडल्या. भीमराव पायासकट तिथेच उभे होते, त्यांच्याकडे कुणी बघेना.

"तुमच्यावर कुणी चिडलेलं नाही," द्रौपदीबाई म्हणाल्या. "लाल दिसतंय ना, म्हणून टोचतायत. रक्त समजतात की किडा समजतात त्यांनाच ठाऊक. पण ती पट्टी कुणी बांधली त्या लेकरांच्या पायाला?"

भीमरावांनी चपलेकडे पाहिलं, मग डालग्याकडे. स्टुलावर बसले. शुक्रवारचं रक्त, शनिवारची पिसं, डबल पट्ट्या, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. काळी नव्हे, आपणच. मग त्यांनी एकेक पिल्लू मांडीवर घेतलं, तेल लावून पट्टी सोडवली. एकही शिल्लक ठेवली नाही. तपासणी न करता माल सोडण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ.

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात आडव्या बांबूवर जाऊन बसल्या, तेव्हा भीमरावांनी त्यांच्यामध्ये एकेक पिल्लू नेऊन बसवलं. जागा उरली ती काळीच्या शेजारी. सहा नंबरसाठी. त्यांनी ते ठेवलं, हात मागे घेतला आणि श्वास रोखून उभे राहिले. काळी जराशी सरकली. 'कुर्र' असं काहीतरी म्हणाली. परवानगी की शिवी, कळलं नाही. पण चोच मारली नाही.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. हळदीच्या जागरणांनी आवाज बसलेल्या चिमीताई उतरल्या आणि अंगणात बघत राहिल्या.

"कोबी कनाला टांगलाय?"

"ते... प्रयोग होता," भीमराव म्हणाले. मग घाबरतच, "ताई, जमलं वाटतं."

चिमीताईंनी बोटाने मोजलं. सतरा. एकही वेगळी उभी नव्हती. भीमरावांनी अभिमानाने हाक मारली, "या, या, या!" सहांपैकी एकानेही मान वर केली नाही. सहा नंबर तर कचऱ्याच्या ढिगात इतरांच्या पायांत पाय घालून उकरत होतं, त्याला कुठे वेळ! भीमरावांचा चेहरा पडला. हवं होतं तेच झालं होतं, तरी पडला.

चिमीताईंनी ते पाहिलं. त्यांनी खुराड्याच्या कुलपाची किल्ली कमरेच्या गाठीतून सोडली.

"माजे गुरगे गेले. खाली वाकाला नाय होत. सकाली तूच उघर."

"किती वाजता?" भीमरावांनी विचारलं. आवाज जरा जास्तच चटकन आला.

"सात."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीची पॅंट चढली. द्रौपदीबाईंनी काही न विचारता डबा भरून दिला. भीमराव सहा चाळीसला अंगणात, कारण बत्तीस वर्षांत त्यांना कधी लेट मार्क लागला नव्हता. सातला कुलूप उघडलं. सतराही जणी बाहेर पडल्या, त्यांना ओलांडून दाण्यांकडे गेल्या. काळी मात्र थांबली. तिने भीमरावांच्या नव्या चपलेकडे एका डोळ्याने पाहिलं, मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. मग त्यांच्याभोवती सावकाश एक फेरी मारली. भीमराव हात बाजूला घेऊन ताठ उभे राहिले.

काही न टोचता ती निघून गेली. भीमरावांनी हळूच श्वास सोडला आणि खिशातून वही काढून तारखेपुढे लिहिलं, 'पास'.